लेखसंग्रह छापा, पण तारखांसकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उजव्या विचारांच्या स्तंभलेखकांचे लेखसंग्रह आता खेड्यातल्या 'ड' वर्ग (म्हणजे सर्वांत लहान श्रेणीच्या) वाचनालयांतही दिसतात. त्यांची परीक्षणे मात्र एकतर आरती, नाहीतर शिमगा. पुस्तक तपासून कसे वाचावे, ते कुणी सांगत नाही.

आधी लेखाखालची तारीख बघावी. लेख विषयवार लावले आणि तारखा गाळल्या की 'कर्जमाफीने पत बिघडते' हे नेमके कोणत्या माफीबद्दल म्हटले आहे, ते कळत नाही. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ दोन हेक्टरपर्यंतच होता. त्यावरच्या कास्तकाराने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. कोरडवाहू यवतमाळात सात-आठ एकरांचा धनी काही सधन नसतो, पण कागदावर तो 'मोठा' ठरला. राज्याच्या २०१७ च्या माफीची मर्यादा दीड लाख, २०१९ ची दोन लाख. म्हणजे २००८ मध्ये वाद जमिनीचा होता, नंतर रकमेचा. लेख कोणत्या साली लिहिला ते माहीत नसेल तर त्यातला युक्तिवाद खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही.

मग सुसंगती. 'बाजार मोकळा करा' हे विदर्भाला नवे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ते इथे गावोगावी पोचवले. त्यामुळे या मांडणीला इकडे जाणकार श्रोता आहे आणि म्हणूनच तपासणी कडक हवी. २०२० च्या कृषी कायद्यांची बाजू घेणाऱ्या लेखणीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे सौदे) बंद झाले तेव्हा काय लिहिले? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले तेव्हा? शुल्क उठवण्याचे स्वागत करणारा आपल्याला कितीही झोंबला तरी तो निदान आपल्या मताला धरून आहे. वायदेबंदीवर गप्प बसलेला मात्र बाजाराचा नव्हे, सरकारचा वकील. (डाव्या लेखकांनाही हीच फूटपट्टी लावावी, ते वेगळे सांगायला नको.)

निवडीतही गोम असते. फसलेली भाकिते संग्रहात सहसा येत नाहीत. अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने प्रत्येक लेखाचा महिना-वर्ष लिहावे आणि लेख त्या क्रमाने वाचावेत. निवडणुकीच्या आसपासचे दोन-तीन महिने कोरे दिसले तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्या काळातले बांधून ठेवलेले अंक काढून पाहावेत. एका बैठकीत तीन-चार लेखांपेक्षा जास्त वाचू नयेत. आठवड्याच्या सदरात तोच मुद्दा नव्या बातमीला टांगून पुन्हा येतो, आणि सलग वाचताना पुनरुक्तीच पुरावा वाटू लागते.

आपल्या पुरवणीत परीक्षणाच्या चौकटीत प्रकाशक, पाने आणि किंमत छापता. त्यात आणखी एक ओळ द्यावी: लेखांच्या मूळ तारखा दिल्या आहेत की नाहीत, आणि पुस्तकात घेताना मजकूर बदलला असल्यास तसे नमूद केले आहे का.

— वाचनालयाचे काही सभासद,
दारव्हा, जि. यवतमाळ