आईच्या केसपेपरवरची एक ओळ

डॉक्टर मॅडम,

तुम्हाला शोधायचा खूप प्रयत्न केला. वॉर्डात चौकशी केली तेव्हा कळलं की तुमची रेसिडेन्सी संपली आणि तुम्ही ते हॉस्पिटल सोडलंत. नवा नंबर कुणाकडेच नव्हता. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कधीतरी तुमच्या नजरेस पडेल.

आईचं नाव इथे लिहीत नाही, पण तुम्हाला ती नक्की आठवेल. खिडकीजवळची कॉट, उजव्या छातीत पाणी, आणि सगळे तुम्हाला मॅडम म्हणत असताना 'ए पोरी, जेवलीस का?' असं विचारणारी.

तुमच्याकडे येण्याआधी तिचे सहा महिने टीबीच्या गोळ्यांवर गेले होते. छातीत पाणी झालं की आपल्याकडे आधी टीबीच धरतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण आईचं पाणी काढलं की पंधरा दिवसांत पुन्हा भरायचं. वजन उतरत चाललं होतं. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, एवढंच सगळीकडे विचारलं गेलं. मिश्री लावायची ती. तिथेच सगळ्यांचं विचारणं थांबायचं.

तुम्ही मात्र दुपारी राउंड संपल्यावर स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात. "आजी, तुमचे मिस्टर कुठे कामाला होते?"

"पत्र्याच्या कंपनीत."

"कसले पत्रे?"

"सिमेंटचे. घरावर टाकतात ते."

तुम्ही क्षणभर थांबलात आणि विचारलंत, "त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

आई हसली. "मीच की. दुसरं कोण धुणार?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे.

बाबा संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांपासून पांढरे होऊन. आई त्यांचा शर्ट गॅलरीत नेऊन दोन्ही हातांनी झटकायची, मग मोरीत भिजवायची. झटकण्याआधी खिसे उलटे करायचं काम माझं, कारण एखाद्या खिशात लिमलेटची गोळी निघायची. उतरत्या उन्हात ती धूळ बराच वेळ तरंगत राहायची. आम्हाला ती सिमेंटची वाटायची. त्या पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाचं धागेदार खनिज असायचं, पण हा शब्द घरात कधी कुणी उच्चारलेला आठवत नाही. कंपनीनेही कधी सांगितलं नाही की हे कपडे घरी नेऊ नका.

तुम्ही केसपेपरवर लिहिलंत: पतीचे कामाचे कपडे घरी धुणे, १९७३ ते १९८९. मग दुर्बिणीतून फुफ्फुसावरच्या आवरणाचा तुकडा काढायला लावलात. तो फुफ्फुसाचा साधा कॅन्सर नाही हे पक्कं करायला कॅलरेटिनिन वगैरे खास तपासण्या लागतात, त्यांच्या रिपोर्टसाठी लॅबमध्ये स्वतः खेपा घातल्यात. निदान झालं मेसोथेलिओमा. त्या आवरणाचा कॅन्सर, जो ॲस्बेस्टॉसची धूळ आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो.

मी खचले होते. मला वाटत होतं, असं आमच्याच बाबतीत कसं झालं? तेव्हा तुम्ही लंडनची गोष्ट सांगितलीत. १९६५ साली मॉली न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघी संशोधकांनी तिथल्या याच आजाराच्या ७६ पेशंटांची माहिती खणून काढली. त्यांतल्या नऊ जणांनी ॲस्बेस्टॉसच्या कामाला कधी हात लावला नव्हता, पण घरातलं कुणीतरी लावत होतं. बहुतेक नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायका. दोन पुरुष होते, त्यांच्या लहानपणी बहिणी कारखान्यात जायच्या. आणि एका घरातला माणूस रोज संध्याकाळी पांढरा होऊन घरी यायचा, असं त्यात नोंदवलेलं आहे. हे ऐकून मी रडले ते तुम्ही पाहिलंत. आमची गॅलरी कुणीतरी आधीच लिहून ठेवली होती.

त्याच्या पाच वर्षं आधीची दक्षिण आफ्रिकेची हकिकतही तुमच्याकडूनच कळली. किंबर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर स्लेग्ज यांच्या लक्षात आलं की एका बाजूच्या मुलखातून येणारे छातीत पाणी झालेले पेशंट टीबीच्या औषधांनी बरे होतात आणि पश्चिमेकडचे होत नाहीत. पश्चिमेला ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शां यांनी १९६० साली मेसोथेलिओमाचे असे ३३ पेशंट जगापुढे मांडले. औषध लागू पडत नाही म्हणून पेशंट राहतो कुठे, हे बघणारा एक डॉक्टर होता. आमच्याकडे तुम्ही होतात.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, याचेही आभार. हा आजार बरा होणार नाही, वेळ मिळू शकेल, असं सरळ सांगितलंत. केमोची दोन औषधं, पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन, एकत्र दिल्यावर मध्यम आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) एकट्या सिस्प्लॅटिनच्या ९.३ वरून १२.१ महिन्यांवर गेलं, हा २००३ सालच्या अभ्यासाचा आकडा सांगून लगेच म्हणालात, "ही आजींची तारीख नाही." किडनी नाजूक म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन दिलंत. फॉलिक ॲसिडची ती छोटी गोळी आई कंटाळून टाळायची, तेव्हा तुम्ही तिला समजावलंत की याच गोळीने आणि बी-१२च्या इंजेक्शनने त्या अभ्यासातल्या पेशंटांचा त्रास कमी झाला, ती जोड अभ्यास चालू असतानाच द्यायला लागले होते. त्यानंतर आईने एकही चुकवली नाही. इम्युनोथेरपीचंही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचंही, लपवलं नाहीत. अशा दोन औषधांच्या जोडीने केमोच्या १४.१ महिन्यांचे १८.१ झाले आहेत, पण खर्च किती, तेही मांडलंत, आणि आम्ही नाही म्हटल्यावर तुमच्या बोलण्यात तसूभर फरक पडला नाही.

आई सोळा महिने होती. नातीचा बारावीचा निकाल तिने स्वतः फोनवर पाहिला.

जाता जाता मी आमच्याबद्दल विचारलं होतं, कारण खिसे मीही उलटे केले होते. तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्यांवर जो अभ्यास झाला, त्यात कमी डोसच्या सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मेसोथेलिओमासाठी मात्र अशा स्कॅनने जीव वाचतो हे अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि आपल्याकडे टीबीचे जुने डाग स्कॅनमध्ये गोंधळ करतात. म्हणून दर वर्षी स्कॅन करत बसू नका, दम लागला किंवा पाणी झालं तर पहिल्याच दिवशी ही गॅलरीची गोष्ट डॉक्टरला सांगा. भावाला वेगळं बसवलंत. ॲस्बेस्टॉसचं काम आणि सिगारेट दोन्ही असलेल्यांना, दोन्ही नसलेल्यांपेक्षा, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका पन्नासपटीहून जास्त आढळला होता. हे कामगारांचे आकडे आहेत, घरच्यांचे नव्हेत, हे सांगूनही त्याच्या खिशातलं पाकीट मागून घेतलंत. त्याने परत घेतलेलं नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद किमान चाळीस वर्षं ठेवायला सांगितली, हे मी नंतर वाचलं. ती नोंद कामगाराची. त्याच्या बायकोची नोंद ठेवायला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या आईने सोळा वर्षं जे केलं, ते पहिल्यांदा कागदावर आलं ते तुमच्या अक्षरात. त्या पानाची झेरॉक्स मी तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली आहे.

शेवटच्या दिवाळीत तिने तुमच्यासाठी एक हिरवा खण आणवून घेतला होता. ओटी भरायची राहिली म्हणून तिला चुटपुट लागली होती. खण माझ्या कपाटात आहे. तुम्ही कुठे आहात ते कळवा, मी घेऊन येते.

तुमच्या पेशंटची मुलगी