दुसरी गाडी थांबणार कुठे? अण्णांना जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो" म्हणता आणि पावसाचा विषय काढता. म्हणून हे लेखी, आणि चारचौघांत. चारचौघांत लिहायला आणखी एक कारण आहे. घरात छोटी रेल्वे उभारायची हौस असलेली माणसं आपल्या कुडाळ-कणकवलीकडे मला अधूनमधून भेटतात. सगळ्यांचा समज एकच, की हा खेळ पैशांचा आणि परदेशी सामानाचा. थोडाफार आहेच. पण माझी गाडी आज रुळावर टिकते ती सामानामुळे नाही, तुमच्या दोऱ्यामुळे आणि कानशीमुळे. हे त्यांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. अण्णा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले. कोकण रेल्वेच्या रूळ देखभालीच्या गँगमध्ये मुकादम म्हणून निवृत्त झालेले. गाडी बघायला माणसं फाटकापाशी उभी राहतात तेव्हा इंजिन बघतात, डबे मोजतात. अण्णा गाडी जाताना खाली बघतात, रुळाखालचा आडवा स्लीपर किती दबतोय ते. मॉडेल रेल्वे त्यांनी माझ्या पडवीत येण्याआधी कधी पाहिली नव्हती, आणि माझ्या मते तेच फार चांगलं झालं.

माझ्या मनात चित्र पहिल्यापासून होतं. जांभ्याची लाल कापणी (रुळासाठी डोंगर कापलेली जागा), बोगद्याचं तोंड, रत्नागिरीजवळच्या पानवल पुलासारखा एक उंच पूल, आणि त्यावरून जाणारी निळ्या डब्यांची गाडी. काळ मुद्दाम विद्युतीकरणाच्या आधीचा घेतला. २०२२ मध्ये सगळा मार्ग तारांखाली आला, आणि तारा-खांब बनवण्याइतकी माझी चिकाटी नाही. माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. जागा मागच्या पडवीत, बारा फूट बाय साडेचार फूट. कागदावर मी लंबगोल काढला होता, त्यावर डोंगर रंगवले होते, नारळसुद्धा काढले होते. तुम्ही तो कागद बराच वेळ बघितलात आणि विचारलंत, "आधी माका सांग गो, दुसरी गाडी रवतली खंय?"

अण्णा, सगळा आराखडा त्या प्रश्नातून निघाला. कोकण रेल्वे म्हणजे रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, आणि रोहा-वीर सोडलं तर मोठा भाग अजून एकेरी. या मार्गावर गाडी पळते त्याइतकंच महत्त्व ती थांबते त्याला. आपण सगळेच कुठल्या तरी आडस्टेशनवर क्रॉसिंगसाठी ताटकळलेलो आहोत, समोरून मालगाडी येईपर्यंत शेंगदाणे संपवलेले आहेत. मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसाला तो वैताग असतो. मॉडेलवाल्याला मात्र तेच खरं नाटक आहे, कारण नुसती गोल फिरणारी गाडी घरातली मुलंसुद्धा पाच मिनिटं बघतात.

मग तुम्ही फाउलिंग मार्क समजावून सांगितलात, म्हणजे दोन रूळ जवळ येतात तिथली, गाडी जिच्या आत उभी राहायला हवी ती खूण. लूप, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा जादा रूळ, कितीही लांब काढा, तिच्यात उभ्या गाडीचं शेपूट फाउलिंग मार्कच्या आत राहिलं नाही तर शेजारून दुसरी गाडी जाऊच शकत नाही. आपण जमिनीवर खडूने आखलं. बारा फुटांतून दोन्ही टोकांची वळणं गेली, दोन पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) गेले, आणि हाताशी साधारण ११५ सेंटिमीटर राहिले. जुना निळा आयसीएफ डबा या मापात साडेपंचवीस सेंटिमीटरचा, इंजिन पंचवीसच्या आसपास. म्हणजे इंजिन आणि तीन डबे. चौथा डबा लावला की शेपूट बाहेर. किती डबे घ्यायचे हा प्रश्न मी दुकानात जाऊन सोडवणार होते, तो तुम्ही खडूने सोडवलात आणि माझे पैसेही वाचवलेत. एका डब्याची किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच हे कळेल.

वळणांबद्दल तुम्हाला वाईट वाटलं, ते मला दिसलं. कोकण रेल्वेची वळणं १२५० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र नसावीत असा तिचा मूळ आराखडा. ते या मापात उतरवायचं तर चौदा मीटरहून मोठी त्रिज्या हवी. अख्खं घर आणि मागची विहीर मिळूनही पुरलं नसतं. माझ्याकडे साठ सेंटिमीटर. खऱ्या मापात ते बावन्न मीटरचं वळण होतं, आणि ब्रॉडगेजवर १७५ मीटरच्या आत जायला परवानगीच नाही. तुम्ही "असू दे" म्हणालात, पण चेहरा असू दे म्हणत नव्हता. गेजही, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरही, तुमच्या नजरेतून सुटलं नाही. रुळाकडे एकदा बघून म्हणालात, अरुंद वाटतंय. बरोबर होतं. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरवर असतात, ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचं माप. आपल्या १६७६ ला सव्वाएकोणीसच्या वर लागतील. पावणेतीन मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेने पकडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता दोऱ्याची गोष्ट, कारण हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. मॉडेलवाले वळण तपासतात ते सहसा गाडी फिरवून. घसरली तर वाकडं, नाही घसरली तर ठीक. तुम्ही गाडीला हात न लावता खिशातून दोरा काढलात. खऱ्या रुळावर वीस मीटरची दोरी वळणाच्या रुळाला दोन टोकांवर ताणून धरतात आणि मधोमध दोरी रुळापासून किती लांब राहते ते मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. १२५० मीटरच्या वळणाला ते चाळीस मिलिमीटर यायला हवं. दहा-दहा मीटर पुढे सरकत मोजत जायचं. आकडा सगळीकडे सारखा आला तर वळण एकसारखं. एका ठिकाणी वाढला, दुसऱ्या ठिकाणी घटला, तर तिथे डबा धक्का खाणार. हिशेब सरळ आहे: दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. माझ्या वळणाला वीस सेंटिमीटरचा दोरा लावला तर आठ मिलिमीटरच्या जरा वर आकडा यायला हवा. तुम्ही दोरा धरत गेलात, मी पट्टी लावत गेले, आणि खिळ्याशेजारी पेन्सिलीने आकडे लिहीत गेले. दोन रुळांच्या जोडापाशी आकडा अचानक फुगायचा, लगेच पुढे पडायचा. लवचीक रूळ टोकाला सरळ व्हायला बघतो, म्हणून जोडावर कोपरा होतो. डोळ्याला तो दिसतच नव्हता. दोऱ्याला दिसला. मग जोड सरळ असतानाच डाख दिला, नंतर वाकवला, पुन्हा दोरा.

सरळातून वळणात शिरतानाही तुम्ही अडवलंत. खरा रूळ एकदम वळत नाही, व्हर्साइन शून्यापासून हळूहळू वाढत जातं. ट्रान्झिशन. आपण बांबूची पातळ कांब घेतली, सरळ रेघ वळणाच्या रेघेपासून सेंटिमीटरभर बाहेर सरकवली, आणि कांब दोन्हींना टेकवून जो बाक आला तोच आखला. त्यात लूपची थोडी लांबी गेली. तिचा हिशेब खडूच्या वेळीच धरला होता, म्हणून चौथ्या डब्यावरून परत वाद झाला नाही.

पुलाचं थोडक्यात सांगते. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, या मापात पाऊण मीटरला थोडा कमी. माझ्या मनात रूळ चढवत न्यायचं होतं. मार्गाचा चढ दीडशेला एक. तेवढ्याच चढाने नुसते साडेसात सेंटिमीटर वर जायलाही सव्वाअकरा मीटर लागतात. तुम्ही म्हणालात, रूळ चढवायचा कशाला, जमीन उतरव. रूळ सपाट राहिला, पुलाखालचा बोर्ड तेवढा कापून खाली नेला. पूल अर्ध्या उंचीचा झाला, पण दरी खरी वाटते आणि इंजिनाला त्रास शून्य.

वायरिंग माझं मी केलं, तिथे तुम्ही फक्त चहा प्यायलात. तरी एक गोष्ट तुमच्याच प्रश्नामुळे झाली. साध्या बारा व्होल्टच्या डीसीवर दोन गाड्या ठेवायच्या तर लूपमधल्या गाडीचा वीजपुरवठा वेगळा तोडता यायला हवा. म्हणून लूपच्या एका रुळाला दोन्हीकडे प्लास्टिकचे जोड आणि मध्ये एक स्विच. स्विच बंद, गाडी उभी. दुसरी निघून जाते.

सगळ्यात जास्त आभार मात्र पावसाळ्याचे. वैशाखात रूळ अंथरून झाले होते, आणि मला खडी चिकटवायची घाई होती. खडी पडल्याशिवाय रूळ रुळासारखा दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "पावसाळो जावंदे, मगे खडी टाक." माझ्या डोक्यात पावसाळा म्हणजे गाड्यांचं वेगळं वेळापत्रक, कमी केलेला वेग, कापण्यांवर रात्रंदिवस गस्त. पडवीतल्या रुळाला पाऊस काय करणार? पण खऱ्या रुळाला जे ऊन करतं, ते माझ्या रुळाला हवेतला ओलावा करतो. खरा रूळ उन्हात फुगून वाकतो. इथे धातू जवळपास तसाच राहतो, खालचं लाकूड फुगतं आणि आकसतं. कोरड्या दिवसांत अंथरलेल्या रुळाच्या फटी आषाढात रुंदावल्या. दमट दिवसांत अंथरला असता तर फाल्गुनात लाकूड आकसून रूळ उचलला गेला असता. खालची चौकट पाडलेल्या गोठ्याच्या जुन्या वाशांची आहे, म्हणून फरक आटोक्यात राहिला. वर मरीन प्लाय आहे. तरीही दोन जोड सोडून परत करावे लागले. खडी चिकटलेली असती तर तासणी घेऊन बसावं लागलं असतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: पोलादी रूळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, खारी हवा त्यांना टिकू देत नाही. निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ते काळवंडतात, पण पुसले की चालतात.

त्या पावसाळ्यात तुम्ही उघड्या रुळावर जी परीक्षा घेतलीत ती कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडली नव्हती. गाडी वेगात पळवायची नाही, अगदी सावकाश न्यायची. मग इंजिन मागे लावून डबे ढकलायचे, दोन्ही पॉइंटांतून, दोन्ही रस्त्यांनी. ओढलेला डबा बरंच काही लपवतो, ढकललेला लपवत नाही. जिथे घसरला तिथे तुम्ही टंग रेलच्या, म्हणजे पॉइंटमधल्या सरकत्या रुळाच्या, टोकावरून नख फिरवायचात. नख अडलं तर चाकही अडणार. कानशीचे दोन हात, पुन्हा नख. बोगद्यासाठी सगळ्यात लांब डब्याला दोन्ही बाजूंनी पेन्सिली बांधून तो वळणावरून हाताने फिरवला, कारण वळणावर डब्याची टोकं बाहेर झुकतात आणि पोट आत येतं. पेन्सिलींनी जी रेघ उमटवली तिच्या बाहेर भिंती उभ्या केल्या. बोगद्याची मागची बाजू उघडी ठेवायचं तुम्हीच सांगितलंत. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे माणसं चालत जातात. माझ्या मीटरभर बोगद्यात फक्त हात जातो.

लाल माती तुमच्याच कुंपणाजवळची. चाळून दिलीत. त्यात लोहचुंबक फिरवायला मात्र मी सांगितलं, हे इथे नोंदवून ठेवते. जांभ्याच्या मातीत लोखंडाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. चुंबकाला चिकटलेला काळा थर बघून तुम्ही पहिल्यांदा या खेळाला मान दिलात असं मला वाटलं.

दिवाळीनंतर खडी पडली, आता डोंगर सुरू आहेत. लूपच्या सावंतवाडीकडच्या पॉइंटवर ढकलताना शेवटचा डबा अजून किंचित उडी मारतो. नख फिरवून पाहिलं, माझ्या नखाला काही लागत नाही. रविवारी सकाळी या. घावणे करते. कानस घेऊन या, आणि तुमची स्पिरिट लेव्हल इथेच राहिली आहे ती जाताना न्या. काकूंना सांगा, अर्ध्या तासात सोडते म्हणून. तसं होणार नाही, पण सांगा.

आपली नम्र,
समोरच्या घरातली