शेजारचं गिऱ्हाईक तोडू नका : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स.न.वि.वि.

निफाड तालुक्यात आमची कांद्याची शेती आहे. बांगलादेशची सीमा इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास, पण लासलगावच्या लिलावात सकाळची बोली कशी लागणार हे पुष्कळदा तिकडच्या बातमीवर ठरतं. ढाक्यानं आयातीचे परवाने सोडले की व्यापारी हात मोकळा सोडतात. थांबवले की भाव बसतो. शेजारी देशांशी व्यापार किती वाढवावा, ही चर्चा आपल्या मंत्रालयात होते, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगतो. कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद होणार नाही आणि टंचाईच्या वर्षीही बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ यांना ठरलेला किमान कोटा मिळेल, असा लेखी करार या देशांशी करा.

29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी आली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय, असं त्या भर सभेत म्हणाल्या. लोक हसले. पण पुढचं त्यांचं म्हणणं रास्त होतं : आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय करता आली असती. त्या वर्षी बांगलादेशनं पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला, काही तर विमानानं. वर्ष होत नाही तोच 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी झाली आणि भरलेले ट्रक पेट्रापोलच्या सीमेवर अडकले. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम. शेवटचं 20 टक्के शुल्क गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. एवढ्या काळात कोणतं गिऱ्हाईक आपल्यासाठी थांबेल?

लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, पण रोज वजन घटतं, मोड येतात, खालचा थर सडतो. शहरात कांदा महागला की सरकारला हात घालावा लागतो, हे आम्हाला कळतं. खाणाऱ्याचं पोटही आमच्यासारखंच आहे. बफर स्टॉक, म्हणजे सरकारनं साठवून ठेवलेला कांदा, त्यासाठीच असतो. तो वेळेवर बाजारात आणावा.

असा करार अशक्य आहे असं कुणी म्हणेल, तर मालदीवकडे पाहा. 1981 च्या व्यापार करारानुसार आपण त्यांना जीवनावश्यक वस्तूंचा वार्षिक कोटा देतो. एप्रिल 2024 मध्ये, आपल्याकडे कांद्यावर बंदी चालू असताना, त्यांच्यासाठी 35,749 टन कांदा मंजूर झाला. आणि तेव्हा दोन्ही देशांचे संबंध गोड नव्हते! बांगलादेशनंही डिसेंबर 2022 मध्ये दिल्लीत असाच कोटा मागितला होता. मालदीवला जे देता आलं, ते ढाक्याला का नाही?

बदल्यात त्यांच्याकडूनही शब्द घ्या. आपला कांदा निघायच्या ऐन हंगामात, मार्च 2023 मध्ये, त्यांनी परवाने बंद केले आणि जूनमध्ये उघडले. त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा हे बरोबरच आहे. पण तारखा आधी कळल्या तर आम्हीही लागवड बेतानं करू. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना विचारा, बांगलादेशनं आयातशुल्क वाढवल्यावर बागेत काय झालं ते. दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, 2006 पासून आहे, तरी यातलं काही त्यानं थांबलं नाही.

2025 मध्ये दोन्हीकडून दारं आणखी लोटली गेली. त्यांनी जमिनीच्या मार्गानं आपलं सूत घेणं बंद केलं, आपण त्यांचे तयार कपडे. देशाच्या सुरक्षेचा विचार आपण करावाच, त्यात आम्ही काय बोलणार? पण 2020 च्या टाळेबंदीत लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेली होती. रूळ तिथेच आहेत, आणि तिकडच्या चुलीवर कांदा रोज लागतो.

उन्हाळ कांद्याचं रोप आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतो. पुढच्या हंगामाचा कोटा त्याआधी जाहीर व्हावा, एवढी तारीख तरी करारात असू द्या.

आपला,
एक कांदा उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक