तक्रार: फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांच्या छत्रीवर न नेल्याबद्दल

मा. व्यवस्थापक,

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला पाचवा फोन संपला. यापुढे फोन नाही, लेखीच.

मे महिन्याच्या तुमच्या इटली सहलीला आम्ही नवरा-बायको होतो. लग्नाला 35 वर्षं झाली म्हणून गेलो. 4 लाख 80 हजार रुपये, एकरकमी. सहाव्या दिवशी फ्लॉरेन्समध्ये काय काय दाखवायचं ते तुमच्याच पत्रकात आहे, मी नव्याने सांगत नाही. फक्त शेवटची ओळ वाचा: 'कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या समाधीस भेट.' शेजारी छत्रीचा रंगीत फोटो. हे पत्रक तुमच्या माणसाने कोल्हापुरात आमच्या घरी येऊन हातात दिलं. रोम-व्हेनिस सगळेच दाखवतात. आम्ही तुमच्याकडे आलो ते त्या एका ओळीसाठी.

महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं 20. तिथे दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. 1874 मध्ये तिथेच छत्री उभी राहिली. जवळच्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय, 'इंडियानो'. माझ्या पत्नीने पंचगंगेच्या घाटावरून पाणी भरून घेतलं होतं. औषधाची छोटी बाटली, झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे, वरून खणाचं कापड. संगमावर थोडं घालायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

बस पिसाहून साडेअकराला पोचली. वार सोमवार. सोमवारी अकादेमिया संग्रहालय बंद, उफ्फीझी संग्रहालयही बंद. वर्षानुवर्षं माणसं नेणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही. चौकातल्या पुतळ्यासमोर उभं करून टूर मॅनेजर म्हणाले, "हाच डेव्हिड, फोटो काढून घ्या." मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा 1873 मध्येच तिथून अकादेमियात हलवलाय, चौकात आहे ती 1910 साली बसवलेली नक्कल. तेही मी गिळलं. मग चामड्याच्या दुकानात दीड तास. जाकिटं, पट्टे, पाकिटं. चार वाजता मी विचारलं, छत्रीवर कधी जायचं? "काका, ते पार काशीने बागेच्या टोकाला आहे, बसला उशीर होईल. ग्रुपमध्ये तुम्ही दोघंच विचारताय." टॅक्सीने जाऊन येतो म्हटलं, तर "मागे राहिलात तर जबाबदारी तुमची." दुकानात दीड तास घालवताना उशीर होत नव्हता. पाचला बस सुटली. पत्नी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, हॉटेल येईपर्यंत बोलली नाही.

आता आजचा फोन. 32 मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक मुलगी आली. मी म्हटलं, "फ्लॉरेन्सला आम्हाला छत्री दाखवली नाही." ती म्हणाली, "सर, छत्री वेलकम किटमध्ये असते. सॅक, टोपी आणि छत्री. मिळाली नसेल तर कुरिअर करते." मी आवाज चढवला नाही. छत्री म्हणजे समाधीवर बांधतात ती, असं नीट समजावलं. महाराजांचं नाव, साल, संगम, सगळं सांगितलं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. वाटलं, लिहून घेतेय. मग ती म्हणाली, "ओके सर, म्हणजे राजाराम सरांची छत्री राहिली. ते तुमच्याच बुकिंगमध्ये होते का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. फोन वरिष्ठांकडे गेला. ते म्हणाले, "काका, ते मेजर अट्रॅक्शन नाहीये. गूगलवर फोटो बघा ना. पुढच्या बुकिंगवर पाच हजारांचं व्हाउचर देतो."

त्या मुलीला मी दोष देत नाही. तुम्ही काय विकता, हे तिला कुणी सांगितलंच नाही. पण ज्यांच्या समाधीचा फोटो कोल्हापुरात छापून तुम्ही गिऱ्हाईक मिळवता, ते कोण होते हे ऑफिसात एकालाही माहीत नसावं? मग फोटो छापलात कशाला? मी 34 वर्षं सहकारी बँकेत काउंटरला बसलो. चूक आमची असली की साहेब स्वतः उठून बाहेर येत. तुमच्याकडे पाच फोनांत एकानेही 'चुकलं' म्हटलेलं नाही.

व्हाउचर नको. त्या दिवसाचे दोघांचे पैसे परत करा, लेखी माफी मागा, आणि पत्रकातला फोटो तरी काढा किंवा माणसांना तिथे न्या. आणि फ्लॉरेन्सला सोमवारी नेऊ नका. 15 दिवस वाट बघेन. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरला यावं लागेल, तुम्हाला. पत्रक आणि पावत्या माझ्याकडे जपून आहेत.

बाटली तशीच परत आली. पत्नीने ती देवघरात ठेवली आहे. आमचं पुन्हा जाणं होईल असं वाटत नाही. पुढच्या ग्रुपमधलं कुणी खरोखर संगमावर जाणार असेल तर बाटली त्यांच्याकडे देता येईल का, असं विचारायला तिने सांगितलंय. तुमच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. तिचा शब्द म्हणून लिहिलं.

तुमचा ग्राहक,
कोल्हापूर