मत्स्यपेटीत बर्फ नको, तापमान पाहून चालणारा पंखा हवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मार्च उलटला की विदर्भातल्या घरगुती मत्स्यपेट्यांतले पाणी तापू लागते आणि पुढे वैशाखात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. पाणी २५ अंशांना असताना त्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना तो जेमतेम ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. आणि नेमकी त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा वेळी अनेक घरांत फ्रीजमधला बर्फ थेट टाकीत टाकला जातो. शंभर लिटरच्या टाकीत एक किलो बर्फ टाकला तर पाणी एखादा अंशच उतरते आणि काही वेळाने पुन्हा चढते. तोच बर्फ वीस लिटरच्या टाकीत पडला तर पाणी पाहता पाहता पाच अंशांनी खाली येते. हा अचानक बसणारा धक्का माशांना उकाड्याइतकाच घातक ठरतो. पाणी थंड करणारे चिलर हे यंत्र उत्तम असले, तरी त्याची किंमत सामान्य घराला परवडणारी नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा संगणकातला १२ व्होल्टचा साधा पंखा हे काम चांगले करतो. आपल्या घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच इथे लागू पडते: वाफ होणारे पाणी उष्णता सोबत घेऊन जाते. शंभर लिटर पाणी एका अंशाने थंड होण्यासाठी त्यातले अवघे १७० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जावे लागते. हवा ४४ अंशांची पण कोरडी, म्हणजे १५ टक्के आर्द्रतेची असेल, तर बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास जाऊ शकते. मुंबईच्या ३३ अंशांच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत मात्र ही मर्यादा २८ अंशांवरच येऊन थांबते. म्हणून नागपूर-अकोल्याकडे हा उपाय जितका गुणकारी आहे, तितका तो कोकणपट्टीत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

आता प्रश्न पंखा सतत चालू ठेवण्याचा. कोरड्या हवेत रात्री तो चालूच राहिला तर पाणी गरजेपेक्षा जास्त उतरते, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक वाढतो आणि टाकीही भराभर आटते. त्यासाठी नियंत्रक हवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘डब्ल्यू १२०९’ नावाचे छोटे थर्मोस्टॅट मॉड्यूल, म्हणजे तापमान पाहून वीज चालू-बंद करणारे तयार सर्किट, मिळते. त्यावर तापमानाचे आकडे, तीन बटणे, एक रिले (विजेने चालणारा स्विच) आणि तारेच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असतो. मॉड्यूल, पंखा आणि १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळून साधारण सहा-सातशे रुपयांत काम होते. पंखा २९ अंशांना सुरू व्हावा आणि २८ अंशांना थांबावा, असे एका अंशाचे अंतर ठेवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा रिले सतत टिकटिकत राहतो आणि लवकर खराब होतो. सेन्सरच्या धातूच्या टोपीपाशी तार जिथे शिरते, तिथून पाणी आत झिरपते आणि मग तापमान खोटेच चढे दिसून पंखा थांबत नाही. ही जागा मत्स्यपेटीसाठीच्या सिलिकॉनने नीट बुजवावी आणि बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून सेन्सर शून्य अंश दाखवतो का, हे वापरण्यापूर्वी पाहून घ्यावे. अ‍ॅडॅप्टर टाकीच्या पातळीपेक्षा उंच, कोरड्या जागी असावा. झाकण काढावे लागत असल्याने मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर जाळी लावावी. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, क्षार मागेच राहतात. म्हणून घट भरून काढताना बोअरवेलचे जड पाणी न घालता आरओचे पाणी वापरणे हिताचे.

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून शाळांमध्ये सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारल्या आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना या नियंत्रकाची जोडणी सहज जमण्याजोगी आहे. त्यांना हाताळायचा तो केवळ १२ व्होल्टचा भाग, २३० व्होल्टला हातही लावावा लागत नाही. वरच्या वर्गांतील मुलांनी आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड आणि ‘डीएस १८बी२०’ हा डिजिटल तापमान सेन्सर वापरून, तापमान जसे चढेल तसा पंख्याचा वेग वाढवणारा नियंत्रक करून पाहावा. बाष्पीभवन, प्राणवायूची विद्राव्यता आणि रिलेचे कार्य हे तीन धडे एकाच टाकीपाशी शिकता येतील.

आपल्या दैनिकाने फेब्रुवारीअखेरच्या विज्ञान पुरवणीत या जोडणीची आकृती छापावी आणि शाळांनी ती प्रयोगशाळांच्या भिंतीवर लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मार्चच्या आत हे झाले तर याच उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, नागपूर