ज्यांच्यासाठी रांगच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत वैध कागदपत्रांविना राहणाऱ्या लोकांविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून जी वाचकांची पत्रे प्रसिद्ध होतात, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो. आम्ही नियमाने गेलो, वर्षानुवर्षे रांगेत उभे राहिलो, मग रांग मोडून शिरलेल्यांची गय कशासाठी करायची, असे ही मंडळी विचारतात. हा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही, कारण बरीच वर्षे तो माझाच प्रश्न होता.

मी २००३ साली एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर न्यू जर्सीला आले आणि ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हाती पडायला मला अकरा वर्षे लागली. मधल्या काळात वडील गेले. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत तेव्हा संपलेली होती, आणि एकदा देशाबाहेर पडल्यावर परतीच्या व्हिसासाठी मुलाखत कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. नोकरी गेली असती तर अर्जही गेला असता. मी गेले नाही. ज्याने असे काही सोसले आहे त्याला ‘रांग मोडली’ हे शब्द ऐकून संताप येणारच, आणि त्या संतापाबद्दल मी कोणालाही दोष देणार नाही. परंतु तो चुकीच्या माणसावर निघतो आहे, असे आता माझे ठाम मत झाले आहे. आपण ज्या रांगेत उभे होतो, ती रांग त्या लोकांसाठी कधी लागलेलीच नव्हती.

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे देते, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असे बंधन आहे. भारतीय अभियंत्यांची रांग लांबली ती या बंधनामुळे. मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुराने तिच्यात कोणाचीही जागा घेतलेली नाही. त्याचा वर्गच वेगळा आहे. ज्या कामाला दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागते, म्हणजे शेतातली तोडणी, कत्तलखान्यातले काम, साफसफाई, बांधकामावरची मोलमजुरी, वृद्धांची शुश्रूषा, अशा सगळ्या कामांसाठी मिळून साऱ्या जगाकरिता वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डांची तरतूद आहे, आणि त्यांत कामगाराची पत्नी व मुलेही धरली जातात. शेतीच्या हंगामापुरता एक तात्पुरता व्हिसा आहे खरा. पण हंगाम सरला की परतावे लागते, आणि गाईंचे दूध बारा महिने काढावे लागत असल्याने दुग्धव्यवसायाला तो लागूच होत नाही. दुसरीकडे, पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के लोकांकडे वैध परवाना नाही, असे अमेरिकी सरकारच्याच पाहणीतून दिसते. मागणी आहे, काम आहे, मजुरी आहे, आणि दरवाजा मात्र नाही. उरला नात्याचा मार्ग. मेक्सिकोतल्या माणसाचा सख्खा भाऊ अमेरिकेचा नागरिक असला, तरी त्या वर्गातली प्रतीक्षा आज दोन दशकांच्या पुढे गेलेली आहे.

‘आमची माणसे नेहमी कायद्याने आली’ हे वाक्यही आपण जपून वापरायला हवे. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना, त्यांत आपल्यालाही, अमेरिकेत येण्यास बंदी केली, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. त्या बंदीच्या काळात पंजाबी शेतकरी मेक्सिकोमार्गे सीमा ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचत होते, आणि बंगाली खलाशी न्यूयॉर्क व बाल्टिमोरच्या धक्क्यांवर जहाज सोडून शहरात मिसळून जात होते. १९४६ साली बंदी उठली तेव्हा भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा आल्या. आपल्या पिढीसाठी दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातून तयार झालेल्या वातावरणात मंजूर झाला. आपण ज्या रांगेचा अभिमान बाळगतो ती लावण्यासाठी आपण काहीच केलेले नव्हते.

माझे मत बदलले ते मात्र इतिहास वाचून नव्हे. आमच्या कार्यालयाच्या इमारतीत संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या एका बाईंशी माझी ओळख झाली. त्या १९९९ साली ग्वाटेमालाहून निघाल्या आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालत आल्या. त्यांचा मुलगा इथे जन्मला, म्हणून जन्माने नागरिक आहे. तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा आता आईसाठी अर्ज करता येईल या आशेने मायलेक वकिलाकडे गेले, आणि मीही दुभाष्यासारखी सोबत गेले होते. वकिलाने शांतपणे सांगितले की अर्ज करता येईल, पण त्या तपासणी चुकवून आलेल्या असल्याने व्हिसा घेण्यासाठी त्यांना ग्वाटेमालाला जावे लागेल, आणि त्यांनी सीमा ओलांडली की १९९६ च्या कायद्यानुसार दहा वर्षे परत येण्यास बंदी लागेल. परवान्याविना एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहून जो बाहेर पडतो त्याला ही बंदी लागतेच. कुटुंबाला पराकाष्ठेचा त्रास होणार असेल तर ती माफ होऊ शकते. पण तो त्रास नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना व्हावा लागतो. नागरिक असलेल्या मुलाला होणारा त्रास त्या हिशोबात धरलाच जात नाही.

परतताना गाडीत कोणी काही बोलले नाही.

त्या बाईंनी नियम मोडला, हे त्या स्वतःच आधी सांगतात. पगारपत्रकावरचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आपला नाही, हे सांगताना त्यांची मान खाली जाते. दरवर्षी त्या महसूल खात्याने दिलेल्या वेगळ्या क्रमांकावर आयकराचे विवरणपत्र भरतात, आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतला एक डॉलरही त्यांना कधी मिळणार नाही. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली अशा लोकांनी एकूण ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. माणसाची किंमत तो किती कर भरतो यावरून ठरावी असे मला वाटत नाही. परंतु ‘फुकट खातात’ हा आरोप ज्यांनी आपल्या पत्रांत केला आहे, त्यांनी हा आकडा निदान विचारात घ्यावा.

याच कारणाने ‘घुसखोर’ हा सरसकट वापरला जाणारा शब्द मला खटकतो. तपासणी चुकवून सीमा ओलांडणे हा अमेरिकेत किरकोळ स्वरूपाचा फौजदारी गुन्हा आहे; व्हिसाची मुदत उलटून गेल्यावर राहणे हे दिवाणी उल्लंघन आहे, आणि कागदपत्रांविना राहणाऱ्यांमधील फार मोठा वर्ग या दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे विमानाने, व्हिसा घेऊन, रीतसर आलेला आहे. दोन्ही प्रकारांत आपली माणसेही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी हवाई दलाचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हा त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या, आणि त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी आपल्याकडे कोणी त्यांना घुसखोर म्हटल्याचे मला आठवत नाही. आपण त्यांना ‘एजंटांनी फसवलेली मुले’ म्हटले, आणि ते योग्यच होते.

मी सीमा खुल्या ठेवाव्यात या मताची नाही. कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, आणि जो हिंसक गुन्हा करतो त्याला परत पाठवण्याला माझा विरोध नाही. डिसेंबर २०२३ या एकाच महिन्यात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर सुमारे अडीच लाख लोकांना अडवावे लागले. अशा स्थितीत सामान्य नागरिकाला व्यवस्था कोलमडल्यासारखी वाटली, तर त्याला लगेच वंशद्वेष्टा ठरवणाऱ्यांनी या चर्चेची हानीच केली आहे. ‘डंकी’च्या, म्हणजे चोरून सीमा ओलांडण्याच्या, वाटेवर माणसे विकणाऱ्या एजंटांबद्दल तर मला कणभरही सहानुभूती नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातचे एक कुटुंब, आईवडील आणि दोन लहान मुले, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात सीमेपासून काही पावलांवर बर्फात गोठून मेले. पैसे घेऊन त्यांना त्या थंडीत सोडणाऱ्यांना कितीही शिक्षा झाली तरी ती मला कमीच वाटेल.

मतभेद आहे तो वीस-पंचवीस वर्षे इथे राहिलेल्यांचे काय करायचे याविषयी. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने स्थलांतरितांवरील कारवाई आणि सीमाबंदोबस्त यांसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर दिले, त्यांतले ४५ अब्ज स्थानबद्धता केंद्रांसाठी आहेत. स्थलांतर न्यायालयांत ३० लाखांहून अधिक प्रकरणे पडून आहेत. असे असूनही त्याच कायद्याने या न्यायालयांच्या न्यायाधीशांची संख्या २०२८ पासून ८०० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. ज्याची बाजू ऐकायची आहे त्याला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, तो बालक असला तरीही. प्रकरणांचा निकाल लवकर आणि नीट लागावा हा हेतू असता, तर पैसा आधी न्यायाधीशांवर खर्च झाला असता.

अशा जुन्या रहिवाशांना वैध करावे असे म्हटले की १९८६ चा दाखला दिला जातो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्या वर्षी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध केले, आणि तरीही पुढे संख्या वाढतच गेली. म्हणजे माफी दिली की आणखी लोक येतात, असा हा युक्तिवाद आहे. तो वजनदार आहे, आणि माझ्या बाजूची माणसे त्याला उत्तर देताना फार घाई करतात. माझ्या समजुतीप्रमाणे तो प्रयोग दोन ठिकाणी फसला. पुढच्या काळात लागणाऱ्या मजुरांसाठी कायदेशीर वाट ठेवलीच नाही. १९४२ ते १९६४ या काळात चाललेली ब्रासेरो ही मेक्सिकन मजुरांची योजना, तिच्यातल्या साऱ्या पिळवणुकीसकट, बंद झाली होती आणि तिच्या जागी पुरेसे काही आले नव्हते. आणि मालकाने कागद वरवर खरे दिसतात एवढे पाहिले की तो सुटला, अशी तजवीज त्याच कायद्यात होती. बनावट कागदांचा बाजार तिथूनच फोफावला. कामगाराची ओळख संगणकावर पडताळण्याची ई-व्हेरिफाय ही सोय आज उपलब्ध आहे, पण काही राज्ये आणि सरकारी कंत्राटदार वगळता ती अजूनही ऐच्छिक आहे. ती सक्तीची करावी, असे माझे मत आहे. परंतु जुन्या रहिवाशांना वैध केल्यानंतर, आधी नव्हे.

त्यांना वैध करण्यासाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. १९२९ पासून अमेरिकी कायद्यात ‘रजिस्ट्री’ नावाची एक तरतूद आहे. ठराविक तारखेच्या आधीपासून जो सलग देशात राहतो आहे, ज्याची वर्तणूक चांगली आहे आणि ज्याच्यावर गंभीर गुन्ह्यांचा डाग नाही, त्याला तिच्याखाली कायम रहिवासी होता येते. ती तारीख प्रथम १९२१ मधली होती. पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती १९२४, १९४० आणि १९४८ अशी पुढे सरकवली, आणि १९८६ साली १ जानेवारी १९७२ वर आणून ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे. आज या तरतुदीचा लाभ घ्यायचा तर अर्धशतकाहून अधिक काळ इथे राहिलेले असावे लागते. सलग सात वर्षे राहिलेल्या कोणालाही अर्ज करता यावा, असे विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले गेले आहे. मला सात वर्षे कमी वाटतात, दहा असावीत, पण तो तपशिलाचा भाग झाला. महत्त्वाची गोष्ट अशी की रजिस्ट्रीखाली मिळणारी ग्रीन कार्डे वार्षिक मर्यादेत मोजली जात नाहीत. त्यामुळे रांगेतल्या एकाही भारतीयाचा क्रमांक एका दिवसानेही मागे जाणार नाही.

मी २०२० साली अमेरिकेची नागरिक झाले. गेल्या महिन्यात मी आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना पत्र लिहून रजिस्ट्रीची तारीख पुढे नेण्याची विनंती केली, आणि सह्यांसाठी ते ओळखीच्या वीस मराठी कुटुंबांकडे नेले. बारा घरांतून सही मिळाली. नकार देणाऱ्यांपैकी दोघे जण तेरा वर्षांपासून ग्रीन कार्डाची वाट पाहत आहेत, आणि त्यांची मुले एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून गळणार आहेत. ‘आमच्याबद्दल कोण लिहिणार?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन मी त्या पत्रात ७ टक्क्यांच्या मर्यादेविषयी एक परिच्छेद वाढवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारी गेले. त्यांतल्या एकाने सही केली. दुसऱ्याने पत्र वाचायला ठेवून घेतले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी