शून्यांची जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, यात चूक माझीच आहे. प्रकृती ठीक, गुडघाही आता कुरकुरत नाही. लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

काल आवराआवरीत गेम बॉय ॲडव्हान्स, आपला हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, हाती लागला. आत 'किंगडम हार्ट्स: चेन ऑफ मेमरीज' या आकड्यांच्या कार्डांनी लढायच्या खेळाचे कार्ट्रिज तसेच होते. चालू केले, तर आपले सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला डाव, शाबूत! खलनायक मार्लुशियाशी शेवटच्या लढाईला खेळाचा नायक सोरा तयार उभा होता.

ती लढाई मी जिंकली, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. दादाच्या देखत तुझ्याशी त्यावरून भांडलो आणि तू चिडून निघून गेलास, तेही मला आठवते. काल मी डेक, म्हणजे सोराच्या कार्डांचा गठ्ठा, उघडला आणि एकेक कार्ड पुढे सरकवत गेलो. शून्याची सगळी कार्डे अगदी शेवटी, एकापाठोपाठ एक लावलेली होती. मी शून्ये नेहमी मधे पेरत असे, कारण शत्रूने नऊ टाकले की लगेच शून्य टाकून ते मोडता यावे, एवढेच मला सुचायचे. तू मात्र म्हणायचास की आपण आधी टाकलेले शून्य कोणत्याही कार्डाने मोडते, म्हणून ते राखून ठेवायचे. शिवाय तीन कार्डे जोडून स्लाइट, म्हणजे एकत्रित वार, केला की त्यातले पहिले कार्ड त्या लढाईपुरते हातचे जाते, म्हणून स्लाइटची कार्डे वर आणि शून्ये तळाशी. हा डेक तुझा आहे. मग तो शेवटचा वार माझ्या हातचा म्हणून मला इतका स्पष्ट का दिसतो?

याच खेळात हे घडावे, याने मी अस्वस्थ आहे. कॅसल ऑब्लिव्हियन या किल्ल्याचा एकेक मजला चढताना सोराची एकेक आठवण गळते आणि नामिने ही मुलगी त्याच्या आठवणींत कायरी या त्याच्या मैत्रिणीच्या जागी स्वतःला बसवते. सोरा मात्र प्राणपणाने सांगत राहतो की लहानपणी आपल्याबरोबर नामिनेच होती. त्याला खोटे बोलायचे नसते. मलाही नव्हते, एवढे तू मान.

आणि हा खेळ आणायचा हट्टही माझाच होता. २००२ चा पहिला भाग संपल्यावर तू म्हणालास, "दुसरा भाग येईल तेव्हा खेळू, मधे बसून पत्ते कशाला कुटायचे?" पत्ते कुटणाऱ्यानेच पुढे शून्यांचे शास्त्र काढले, हे मी तुला जन्मभर ऐकवणार आहे! पण माझे म्हणणे आजही तेच आहे. २००४ चा हा छोट्या पडद्यावरचा खेळ वगळला, तर २००५ च्या दुसऱ्या भागात सोरा झोपलेला का आणि प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या जिमिनीच्या कोऱ्या वहीत नामिनेचे आभार मानायची एकच ओळ का, हे कळूच शकत नाही. आठवणी परत मिळाव्यात म्हणून सोरा तो किल्ला विसरायला तयार होतो. त्याचा मित्र रिकू मात्र विसरायला नकार देतो, आपल्यातल्या अंधारासकट जागा राहतो. तेव्हा मला सोराचे पटले होते. काल रिकूचे पटले.

तुझ्या नव्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला. घर लागले का? धाकटीला आशीर्वाद. आईंना नमस्कार सांग.

सेव्ह मी तसेच ठेवले आहे, डेकमधले एकही कार्ड हलवलेले नाही. दादाला फोन करून खरे सांगायचे आहे, पण त्याआधी तुझ्याकडून ऐकायचे आहे. त्या दिवशी गेम बॉय तुझ्या हातात होता ना? आणि मी कुठे बसलो होतो?

तुझाच,
मी